व्हॅनचा ईसीएम खरंच गेलाय का? तपासणीपासून बदलीपर्यंत

पहाटे साडेपाचला आण्णांचा फोन. "मिस्त्री, काल एकच सिलिंडर मिसिंग मारत होता, आज दोन झालेत. आणि आता म्हणतायत ईसीएम गेला."

आण्णा कराडच्या आसपासच्या गावांतलं दूध गोळा करून शहरात घालतात. व्हॅन पेट्रोलची, तिला बाहेरून बसवलेला सिक्वेन्शियल सीएनजी किट. आदल्या दिवशी त्यांनी ती दुसरीकडे दाखवली होती. तिथे मिसिंग मारणाऱ्या, म्हणजे नीट न पेटणाऱ्या, तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) दुसऱ्याला आणि दुसऱ्याचा तिसऱ्याला लावून पाहिला, आणि गाडी आणखी बिघडली. मग निकाल लागला: ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरचा डबा, बदला, जुना मिळतो, आम्हीच आणून देतो.

निकाल चुकीचा नव्हता, ईसीएम खरंच गेला होता. पण तो कशानं गेला हे कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी दुसरा ईसीएम चढवला असता तर तोही दुधाची एक फेरी होईपर्यंत गेला असता. त्याची उकल पुढे येईलच. आधी हे सांगतो की "ईसीएम गेलाय" म्हणून माझ्याकडे टोचन करून आणलेल्या बहुतेक गाड्यांचा ईसीएम धडधाकट असतो. मिस्त्रीला काही सापडलं नाही की बिल त्या डब्यावर फाटतं, कारण डबा उलट बोलत नाही.

हा लेख मल्टिमीटर धरता येणाऱ्यासाठी आहे. सोबत लागेल तो २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरी जोडून, दोन बारीक टाचण्या, गाडीतले फॉल्ट कोड वाचणारा एक स्कॅनर आणि तुमच्या गाडीच्या त्याच मॉडेलचा, त्याच सालचा वायरिंग डायग्राम. डायग्राम नसेल तर ईसीएमच्या कपलरला, म्हणजे वायरी जोडायच्या सॉकेटला, हात लावू नका. पिनांचे क्रमांक सालागणिक बदलतात, आणि अंदाजानं चुकीच्या पिनला १२ व्होल्ट दिले की नसलेला फॉल्ट तुम्हीच तयार करता.

डबा करतो काय

ईसीएम म्हणजे इंजिनचा हिशेबनीस. क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर, थ्रॉटल, मॅप (आत येणाऱ्या हवेच्या दाबाचा) सेन्सर, पाण्याचं तापमान, सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर, सगळ्यांकडून तो आकडे घेतो आणि कुठला इंजेक्टर किती वेळ उघडायचा, स्पार्क कधी द्यायचा हे ठरवतो. यातली एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. इंजेक्टरला प्लस कायम मिळत असतो, ईसीएम फक्त त्याचा मायनस जोडतो आणि तोडतो. ते जोडणं-तोडणं करणारा ईसीएमच्या आतला इलेक्ट्रॉनिक स्विच म्हणजे ड्रायव्हर. ईसीएम "गेला" म्हणतात तेव्हा पुष्कळदा अख्खा डबा मेलेला नसतो, असा एखादा ड्रायव्हर मेलेला असतो.

आधी विचारपूस

बॉनेट उघडण्याआधी मालकाला विचारा, बिघाडाच्या आदल्या दिवशी गाडीला काय झालं? जंप स्टार्ट करताना केबल उलट्या लागल्या का? कॅरिअरला किंवा चॅसीला वेल्डिंग केलं का, आणि करताना बॅटरी जोडलेलीच होती का? प्रेशर पंपानं इंजिन धुतलं का? नवा टेप, जीपीएस, सायरन बसवला का? रात्री गाडी कुठे उभी असते? धान्याच्या गोदामाशेजारी असेल तर उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, हे आधी बघा. ईकोसारख्या गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली की बरंच काही दिसतं, कधी कधी उंदराचं घरटंसुद्धा.

आण्णांच्या उत्तरात एक गोष्ट अशी होती की पुढचं काम अर्धं झालं. ते म्हणाले, "दोन आठवडे सकाळी पेट्रोलवर सुरू केली की मिसिंग मारायची, गॅसवर गेली की साफ. मग परवापासनं गॅसवर पण मारायला लागली." हे कागदावर लिहून ठेवा, परत लागणार आहे.

बॅटरी

कंटाळवाणं वाटेल, पण इथूनच सुरुवात. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असली पाहिजे. १२.२ म्हणजे ती अर्ध्यावर आली. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर आधी बॅटरी, तिची टर्मिनलं आणि सेल्फ बघा. कमी व्होल्टेजला ईसीएम मध्येच बंद पडून परत चालू होतो आणि वाट्टेल ते कोड टाकतो. इंजिन चालू असताना चार्जिंग साधारण १३.८ ते १४.५ हवं. १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय, आणि तो न बदलता नवा ईसीएम बसवणं म्हणजे पैसे जाळणं.

किल्ली ऑन, सेल्फ नाही

किल्ली ऑन करा आणि नुसतं बघा, ऐका. चेक लाइट लागली पाहिजे. टाकीतल्या पेट्रोल पंपाचा दोनेक सेकंद "झूं" असा आवाज आला पाहिजे. दोन्ही झालं तर ईसीएमला सप्लाय मिळतोय आणि तो निदान जागा आहे. दोन्ही नसेल तर डबा मेलाय म्हणू नका. त्याच्यापर्यंत करंट पोचत नाही ही शक्यता जास्त.

चेक लाइटच्या जोडीला किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर ते इमोबिलायझरचं भांडण आहे, गाडी किल्ली ओळखत नाही. दुसरी किल्ली लावून बघा. मालकाकडे दुसरी किल्ली नसते, हाही आपल्याकडचा नेहमीचा अनुभव.

स्कॅनर काय सांगतो, काय नाही

बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ (गाडीनं स्वतःचे फॉल्ट नोंदवायची पद्धत) सक्तीची झाली, त्यामुळे त्यानंतरच्या व्हॅनला डॅशखाली १६ पिनांचं सॉकेट मिळतं. कोड वाचायला मोबाइलवर चालणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर पुरतो. कोडिंगला, म्हणजे नवा डबा गाडीशी जुळवून द्यायला, पुरत नाही.

स्कॅनर जोडलाच जात नसेल तर आधी सॉकेट तपासा. १६ नंबरच्या पिनला बॅटरीचे १२ व्होल्ट, ४ आणि ५ नंबरला मायनस. सोळावर काही नसेल तर फ्युज बघा. बऱ्याच गाड्यांत तो लायटर सॉकेटसोबत असतो आणि स्वस्तातल्या मोबाइल चार्जरनं उडालेला असतो. सप्लाय ठीक असेल आणि गाडीत कॅन लाइन (युनिटांनी एकमेकांशी बोलायची दोन वायरींची लाइन) असेल तर बॅटरीचा मायनस काढून ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास आलं तर लाइन ठीक. १२० आलं तर लाइनच्या दोन टोकांपैकी एक तुटलंय. शून्याजवळ आलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. जुन्या गाड्यांत कॅनऐवजी ७ नंबरच्या पिनवर के-लाइन, म्हणजे बोलायची एकच वायर, असते. सॉकेटमध्ये ६ आणि १४ च्या जागी पितळच नसेल तर ६० ओहम शोधत बसू नका.

कोडपैकी पी०६०१, पी०६०४, पी०६०५ आणि पी०६०६ हे खुद्द ईसीएमच्या आतल्या मेमरीकडे किंवा प्रोसेसरकडे बोट दाखवतात. तरी लगेच निकाल देऊ नका. बॅटरी मेलेली असतानाही ते येतात. चांगली बॅटरी लावा, कोड पुसा, गाडी चालवा. परत आले तर गंभीर. यू०१०० हा "ईसीएमशी बोलणं तुटलं" असा कोड. तो दुसरं एखादं युनिट टाकतं. त्यावरून ईसीएम मेला असं ठरत नाही, तो बोलत नाहीये एवढंच कळतं.

गाडी पकडतच नसेल तर सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम बघा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्य, म्हणजे क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. ईसीएमला इंजिन फिरतंय हेच कळत नसेल तर तो स्पार्क आणि पेट्रोल कशाला देईल?

प्लस आणि अर्थिंग, बल्ब लावून

इथे बहुतेक जण घाई करतात. मल्टिमीटर लावला, १२ व्होल्ट दिसले, सप्लाय ओके. नाही हो. वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्टच दाखवतो. त्या एका धाग्यावर ईसीएम चालत नाही.

म्हणून किल्ली बंद करून बॅटरीचा मायनस काढा, ईसीएमचे कपलर सोडवा, आणि मायनस परत लावून हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या, बाजूनं २१ वॅटच्या बल्बनं तपासा. हा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, त्यामुळे वायरीची खरी ताकद कळते. सप्लायच्या वायरी साधारण तीन प्रकारच्या: किल्ली बंद असतानाही येणारा कायमचा प्लस, किल्लीचा प्लस, आणि मेन रिलेतून येणारा प्लस. हा तिसरा प्लस, कपलर काढल्यावर, आपोआप येणार नाही, कारण बहुतेक गाड्यांत तो रिले ईसीएमच ओढतो. डायग्राम बघून रिलेच्या जागी तेवढ्यापुरता फ्युजवाला जंपर लावावा लागतो. प्रत्येक पिनवर बल्ब पूर्ण उजेडानं लागला पाहिजे. मग बल्बचं एक टोक बॅटरीच्या प्लसला धरून दुसरं प्रत्येक अर्थिंगच्या पिनला लावा. इथेही तोच लख्ख उजेड हवा. मिणमिणला तर फॉल्ट सापडला.

हा बल्ब फक्त सप्लाय आणि अर्थिंगच्या वायरींना. सेन्सरच्या किंवा इंजेक्टरच्या पिनला लावाल तर तुमच्याच हातानं ड्रायव्हर जाळाल. टाचणीही कपलरच्या मागून, वायरीच्या कडेनं घालायची. पुढून घातली की पितळी पिन रुंदावते आणि महिन्याभरानं कधी पकडते कधी नाही असा फॉल्ट सुरू होतो. असा फॉल्ट शोधताना माणूस म्हातारा होतो.

एका कुरिअरच्या व्हॅनचा ईसीएम दोन ठिकाणी मेलेला ठरला होता. क्लचचं काम करताना इंजिनवरचा अर्थिंगचा बोल्ट काढलेला, आणि परत लावताना खालचा रंग न खरवडता तसाच आवळलेला. सेल्फ मारला की ईसीएमच्या अर्थिंगवर दीड व्होल्ट दिसायचे. चांगल्या गाडीत ०.१ च्या आत दिसतात. पॉलिश पेपर मारला, बोल्ट आवळला, गाडी सुरू. मालक पैसे विचारायला लागला तेव्हा मलाच आकडा सांगायला लाज वाटली.

पाच व्होल्टचा चकवा

थ्रॉटल, मॅप यांसारख्या सेन्सरना ईसीएम आतून नेमके ५ व्होल्ट पुरवतो. सेन्सरच्या कपलरवर ते मिळत नसतील, किंवा पी०६४१ आणि पी०६४२ सारखे कोड येत असतील, तर "ईसीएम ५ व्होल्ट देत नाही" असं म्हणून डबा बदलला जातो. थांबा. ही लाइन तीन-चार सेन्सरना मिळून असते, एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे पाच व्होल्ट खाली बसतात. मीटर लावून ठेवा आणि सेन्सर एकेक करून सोडवा. ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत आले, तोच गुन्हेगार. सगळे काढूनही आले नाहीत तर ईसीएमपासूनची वायर कुठे बॉडीला घासलीय का बघा. ती पण ठीक निघाली, तर मात्र संशय डब्यावर.

आण्णांच्या व्हॅनमध्ये काय सापडलं

आता ते कागदावर लिहिलेलं वाक्य काढा. आधी पेट्रोलवर मिसिंग आणि गॅसवर साफ, नंतर दोन्हीवर.

बाहेरचा सिक्वेन्शियल किट पेट्रोलच्या इंजेक्टरच्या वायरींमध्ये घुसलेला असतो. गाडी गॅसवर गेली की तो पेट्रोलचे इंजेक्टर बाजूला काढतो, पण ईसीएम त्यांना जो इशारा देत असतो तो वाचून त्याच मापानं गॅसचे इंजेक्टर उघडतो. आता जुळवा. पेट्रोलवरच मिसिंग होतं तेव्हा इंजेक्टर खराब होता, ईसीएमचा इशारा चालू होता. गॅसवरही मिसिंग सुरू झालं तेव्हा इशाराच थांबला, म्हणजे ड्रायव्हर गेला. कंपनीतून येणाऱ्या सीएनजी गाडीत मांडणी वेगळी असते, तिथे दोन ईसीयू (ईसीएमसारखेच डबे) एकमेकांशी बोलतात. हा तर्क तिला जसाच्या तसा लावू नका.

तर्क झाला, आता पुरावा. चारही इंजेक्टरचे कपलर काढून थेट इंजेक्टरवर ओहम मोजले. एक १२.४, एक १२.५, एक १२.४. आणि दुसऱ्या सिलिंडरवर बसलेला, म्हणजे कालपर्यंत तिसऱ्यावर होता तो, १.९.

अशा इंजेक्टरना साधारण ११ ते १६ ओहम असतात, म्हणजे प्रत्येकातून एक अँपिअरच्या आसपास करंट जातो. १.९ ओहमच्या इंजेक्टरमधून साडेतेरा व्होल्टला सात अँपिअर जातात. त्या वायरीचा १५ अँपिअरचा फ्युज हूं की चूं करत नाही. करंट सोसतो तो ईसीएमच्या आतला, नखाएवढा ड्रायव्हर. आधी तिसऱ्याचा जळला. मग काल तोच शॉर्ट इंजेक्टर दुसऱ्या सिलिंडरवर लावून सेल्फ मारला, आणि दुसऱ्याचाही गेला. एकाची दोन झाली ती अशी.

इंजेक्टरची अदलाबदल ही चांगली चाचणी आहे, पण आधी ओहम मोजायचे आणि मगच अदलाबदल. स्पार्कच्या कॉइलचंही तेच. इंजेक्टर थंड असताना बरोबर दाखवून तापल्यावर शॉर्ट होणारेही असतात, म्हणून गरम इंजिनावर परत मोजा.

ड्रायव्हर मेल्याची खात्री करायला एलईडी आणि एक किलो-ओहमचा रेझिस्टर जोडून ठेवा. एलईडीचा प्लस बॅटरीच्या प्लसला, दुसरं टोक ईसीएमच्या कपलरमागून त्या इंजेक्टरच्या पिनला. किटच्या सांध्यांनंतर नाही, ईसीएमपाशीच, कारण किटच्या सुटलेल्या सांध्यानं पण हाच खेळ होतो. सेल्फ मारला की चांगल्या पिनवर एलईडी लुकलुकतो. एक आणि चार नंबरवर लुकलुकला, दोन आणि तीनवर काळोख. आरपीएम दिसतंय, सप्लाय ठीक, अर्थिंग ठीक, दोन ड्रायव्हर चालतात, दोन नाहीत. आता म्हणा ईसीएम गेला.

एलईडी सतत लागून राहिला तर प्रकार उलटा, आणि जास्त धोक्याचा. ड्रायव्हर आतून चिकटलाय, किल्ली ऑन केली की इंजेक्टर उघडाच राहतो आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल भरतं. अशा वेळी सेल्फ मारणं ताबडतोब थांबवा, तो इंजेक्टर सोडवा, डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास असेल तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

दुरुस्त, जुना की नवा

ड्रायव्हरच गेला असेल तर माझी पहिली पसंती दुरुस्तीला. बोर्डावरचं काम करणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत, ते ड्रायव्हरची आयसी, म्हणजे चिप, बदलतात. डबा तुमचाच राहतो, त्यातला डेटा तोच, किल्लीची ओळखही तीच. गाडीत लावून कोडिंगची कटकट नाही. पाठवताना चिठ्ठीत स्पष्ट लिहा की कुठल्या सिलिंडरचा ड्रायव्हर गेलाय आणि कशामुळे. नुसतं "ईसीएम खराब" लिहिलेला डबा तसाच परत येतो.

पाणी शिरून आत हिरवट गंज चढलेला असेल, किंवा बोर्डाचा थरच जळाला असेल, तर दुरुस्ती टिकत नाही. आण्णांच्या डब्यात दोन ड्रायव्हरखालचा बोर्ड कोळसा झाला होता. कारागिरानं फोटो पाठवला आणि सरळ नाही म्हणाला. असा नाही म्हणणारा कारागीर जपून ठेवा.

जुना घ्यायचा तर डब्यावरचा नंबर अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. सुझुकीच्या ईसीएमचा पार्ट नंबर ३३९२० नं सुरू होतो. तेवढं जुळून काही होत नाही, त्यापुढची अक्षरं आणि आकडे महत्त्वाचे. तोच इंजिन ब्लॉक असला तरी बीएस-४ आणि बीएस-६ चा डबा वेगळा, पेट्रोलचा आणि कंपनीच्या सीएनजीचा वेगळा. "कपलर बसतंय ना, मग चालतं" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. पावती मागा, कुठल्या गाडीचा आहे ते विचारा. चोरीच्या गाड्यांचे सुटे भाग बाजारात फिरतात आणि पावती नसलेला डबा उद्या तुमच्या गळ्यात येऊ शकतो.

इमोबिलायझर असलेल्या गाडीत जुना डबा नुसता लावून चालत नाही. त्याला तुमची किल्ली ओळखीची नसते. गाडी पकडत नाही, किंवा पकडून क्षणात बंद पडते. डब्याची आणि किल्लीची ओळख कंपनीच्या स्कॅन टूलवर करून द्यावी लागते. त्यासाठी आरसी, मालकाचं ओळखपत्र आणि असतील तेवढ्या सगळ्या किल्ल्या घेऊन जा, कारण नोंदणी करताना हजर नसलेली किल्ली पुढे चालेलच असं नाही. विकत घेण्याआधीच विचारून घ्या की या नंबरचा जुना डबा या गाडीला जुळवता येतो का. काही डबे एकदा एका गाडीशी जोडले की दुसरीला लागत नाहीत.

आण्णांनी नवा मागवला. तो येईपर्यंत दूध भाड्याच्या पिकअपमधून गेलं, आणि त्या भाड्याचा उल्लेख आजही अधूनमधून होतो.

बदली

डबा हातात आला की लगेच बसवायचा नाही. आधी मारेकरी शोधून काढायचा. आण्णांच्या बाबतीत तो सापडला होता. शॉर्ट इंजेक्टर बदलला, नव्यासह चारही परत मोजले, रिलेच्या कॉइलांचे ओहम बघितले, चार्जिंग बघितलं, किटचे सगळे सांधे उघडून सोल्डर केले आणि स्लीव्ह चढवली. हे झालं तेव्हा नव्या डब्याचं खोकं उघडलं.

१. जुन्या ईसीएममधून वाचता येईल ते सगळं वाचून घ्या: कोड, फ्रीज फ्रेम (कोड आला त्या क्षणाचे आकडे), गाडीचा चॅसी नंबर, कॅलिब्रेशन नंबर (आतल्या प्रोग्रॅमचा नंबर). स्क्रीनचे फोटो काढा. डब्याचा, ब्रॅकेटचा आणि वायरींच्या वळणाचाही फोटो.

२. किल्ली बंद करून काढून घ्या आणि पाच मिनिटं थांबा. किल्ली बंद झाल्यावरही ईसीएम मेन रिले काही सेकंद धरून ठेवतो, तेवढ्यात तो आपला हिशेब मिटवत असतो.

३. बॅटरीचा मायनस काढा, दहाचा पाना पुरतो. केबल बाजूला कापडात गुंडाळून ठेवा. डॅशखाली काम असेल आणि तिथे पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे, त्यांना हात लावायचा नाही.

४. हातातली अंगठी, कडं काढा. बॉडीच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातला स्टॅटिक उतरवा. नव्या डब्याच्या पिनांना बोट लावू नका.

५. कपलरचं लॉक आधी मोकळं करा, मग ओढा. वायरीला धरून ओढायचं नाही. जोर लागत असेल तर लॉक अजून अडकलंय. सुटल्यावर दोन्ही बाजूंच्या पिना टॉर्चखाली बघा. वाकलेली, काळी पडलेली, हिरवट झालेली एकही पिन तशीच सोडू नका.

६. नवा डबा ब्रॅकेटवर आवळा. काही गाड्यांत हाच बोल्ट अर्थिंगचं काम करतो, म्हणून खालचा पृष्ठभाग साफ हवा. कपलर बसवून लॉक पूर्ण लावा. हार्नेसला कपलरच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पावसाचं पाणी कपलरमध्ये न जाता त्या झोळापाशी ठिबकेल. कोकणातल्या गाड्यांना हा झोळ दिलाच पाहिजे.

७. मायनस सगळ्यात शेवटी लावा.

पहिली किल्ली

सेल्फ मारू नका. किल्ली ऑन करून आधीचीच परीक्षा घ्या: चेक लाइट, पंपाचा आवाज, किल्लीचं चिन्ह लागून विझणं, स्कॅनर जोडला जाणं. इमोबिलायझरची नोंदणी लागणार असेल तर ती आता. नव्या डब्यात चॅसी नंबर लिहायचा असेल तर तोही आता. ज्या गाडीत इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आहे तिथे थ्रॉटलची शिकवणी स्कॅन टूलवर द्यावी लागते. ती न दिल्यास आयडल वरखाली होत राहतो आणि लोक नव्या डब्यालाच दोष देतात.

मग सेल्फ. बाहेरचा किट असेल तर पहिला दिवस पूर्ण पेट्रोलवर. इंजिन गरम होऊन पंखा एकदा चालू-बंद होईपर्यंत आयडलवर ठेवा, पाय ॲक्सिलरेटरवर न ठेवता. नव्या डब्याला या इंजिनची सवय नसते, तो हळूहळू शिकतो. नंतर हेडलाइट, असेल तर एसी, एकेक लोड टाकत बघा. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) शून्याच्या आसपास, साधारण दहा टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे.

गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणा, त्यात थोडा चढ हवा. मग उभी करून इंजिन चालू ठेवून हार्नेस हातानं हळूच हलवत जा. कुठे हात लागल्यावर इंजिन अडखळलं तर फॉल्ट तिथेच. तासभर गरम उभी ठेवून परत सुरू करा. शेवटी कोड परत वाचा. एकही नको, पेंडिंगसुद्धा (अजून पक्का न झालेला) नको. आण्णांची व्हॅन त्या दिवशी चारही सिलिंडरवर घड्याळासारखी चालली. गॅस दुसऱ्या दिवशी चालू केला, आणि तोही साफ.

काढलेला डबा भंगारात घालू नका. तो खोक्यात, वर तारीख आणि कारण लिहून ठेवा. वॉरंटीचा वाद झाला तर तोच साक्षीदार, आणि बोर्डाचं काम करणारे सुट्या भागांसाठी विकतही घेतात. नव्या डब्याच्या स्टिकरचा फोटो आणि कोडिंगची पावती मालकाच्या मोबाइलवर पाठवून द्या. तुमच्या दुकानातली वही उंदीर खातील.

परवा आण्णांचा परत फोन आला, या वेळी दुपारी. मागे फॅब्रिकेशनवाल्याच्या वेल्डिंग मशीनचा आवाज. "मिस्त्री, दुधाच्या कॅनच्या रॅकला दोन टाके मारायचेत. मायनस काढलाय. अजून काय काढू?"

म्हटलं, "ईसीएमचे कपलर पण काढा आण्णा. आणि त्याला सांगा, वेल्डिंगचं अर्थिंग रॅकलाच लाव, इंजिनला नको."

"रॅकलाच लावलंय," ते म्हणाले, "तेवढं आता कळतं मला."